नऊ ओळी

"काऊन गा, हो म्हनाले तोंड शिवला आहे का तुजा?"

"आलो ना मी."

"आलास ते दिसून राहिला मले, आंधरा नाही मी. पन चार खेप आवाज दिला. मानूस हो त म्हनते का नाही? मले वाटलं, गेला बुढा तुडमात."

"जातो कायले. बोल, काय काम आहे."

"काम माजा नोहे. केवळराम डाकवाला आला होता. तू घरी नाहीस म्हून चिठ्ठी माज्याजवर देऊन गेला. धर. तुज्या नातीनची होय."

शालिकरामनं खिशातून निळं अंतर्देशीय काढून पुढे केलं. दुधरामचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. धोतराला पुसता आले असते, पण त्यानं पुसले नाहीत.

"ठेव त्या दगडावर."

"दगडावर ठेवाले निवद होय का?" असं म्हणून शालिकरामनं ते पत्र दुधरामच्या बंडीच्या खिशात स्वतःच कोंबलं. "सातवी होय ही. एकीचं उत्तर नाही धाडलास तू. केवळराम म्हनते, पोरगी भिंतीले लिहून राहिली. आज वाच आन दोन शब्द खरड. आन तीन वाजता पानी सोडाचा आहे. खालच्या बांधीवाले येऊन बसतील धुऱ्यावर."

तो पारीवरून, तलावाच्या बांधावरून, उतरून गेला. दुधराम होता तिथंच उभा राहिला, खिशाला हात न लावता.

हाकेला 'हो' न म्हणण्याची ही सवय त्याला वर्षभरापासून लागली होती. त्याआधी त्याचा 'हो' असा दणकट होता की तलावाच्या या काठावरून निघाला की त्या काठावरचे बगळे उडायचे. आता कुणी आवाज दिला की तो हातातलं टाकतो, चालत येतो आणि बोलावणाऱ्याच्या पुढ्यात उभा राहतो. दळण निवडणारी बाई मान वर करते तर समोर दुधराम. बायका दचकतात, मागून हसतात. बायको गेली तसा बुढा डोक्यानं हलला, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला एक कारण मिळालं की पुरतं.

गाव चिचगडच्या अलीकडे, सडक जंगलात शिरते त्याच्या आधी. दुधराम जातीनं कोहळी. ज्या तलावावर गावाचा धान पिकतो तो त्याच्या खापरपणज्याच्या वेळेस बांधला गेला, आणि त्याचं पाणी वाटायचं काम तेव्हापासून त्यांच्याच घरात. पारीच्या पोटातून पाणी बाहेर सोडायचं जे दगडी तोंड असतं त्याला तुडूम म्हणतात. त्याला वरपासून खालपर्यंत भोकं आणि भोकांना लाकडी डट्टे. कोणता डट्टा कधी काढायचा, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी किती वेळ ठेवायचं, हे दुधराम सांगायचा आणि लोक ऐकायचे. चाळीस वर्षांत पाण्यावरून शिवीगाळ पुष्कळ झाली, पण डोकं कुणाचं फुटलं नाही.

त्याच्या कानाची गावात ख्याती होती. घरी जेवायला बसलेला असायचा आणि घास हातात तसाच थांबायचा. "डट्टा सैल झाला," म्हणायचा आणि उठायचा. घरापासून तलाव चांगला लांब. जाऊन पाहावं तर बोटभर धार गळत असायची. सुशीलाबाई पाटावर बसून कपाळाला हात लावायची.

"कोसावरचा पानी आयकू येते या मानसाले. मी चुलीजवरून बोंबलतो ते नाही येत."

तेव्हा ती गंमत होती.

लिहिण्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते नातीमुळे. एकुलती एक लेक पुष्पांजली. तिचा नवरा राजनांदगावच्या एका राईस मिलमध्ये नोकरीला, म्हणून तिचा संसार तिकडचा. नीतू तिथंच जन्मली, तिथंच वाढली. घरात आई आपल्या बोलीत बोले, पोरगी हिंदीत उत्तर देई. सहावीत तिला राहायच्या शाळेत घातलं. तिथं फोन ठेवू देत नाहीत. रविवारी दहा मिनिटं मिळतात, ती आईला. एकदा हिंदीच्या बाईंनी वर्गाला सांगितलं, आजी-आजोबांना पत्र लिहा. सगळ्या पोरींनी वहीत लिहून बाईंना दाखवलं. नीतूनं दाखवलं, आणि मग अंतर्देशीय मागवून त्यावर उतरवून पोस्टातही टाकलं.

गावात कुणाला पत्र आलं होतं याला दहा वर्षं झाली असतील. केवळरामनं सायकल लावून स्वतः वाचून दाखवतो म्हटलं. दुधराम म्हणाला, वाचता येते मले.

वाचता येत होतं. लिहायचं काय, हा प्रश्न. दुधराम सातवी शिकलेला, मराठीत. त्यानंतर पन्नास वर्षांत त्यानं लिहिलं ते म्हणजे पाणीपाळीच्या वहीत नावं आणि लागेल तिथं सही. हिंदी त्याला येत होती. गोंदियाच्या बाजारात ज्याला हिंदी येत नाही तो उपाशी परत येतो. पण ती 'अपने को नहीं होना, बराबर भाव लगाओ' अशी उभ्या-उभ्याची हिंदी. तिला कागदावर बसवायला गेला तर ती बसेना. तीन दिवस घालवून त्यानं दहा ओळी लिहिल्या आणि धाडल्या.

पंधरा दिवसांनी त्याचंच पत्र परत आलं. शब्दाशब्दाला लाल पेनाची रेघ, वर दुरुस्ती, आणि खाली गोल काढून आकडा. वीसपैकी सात.

त्यानं ते पाणीपाळीच्या वहीत लपवलं. सुशीलाबाईला वही झटकताना सापडलं.

"हे काय जी? पास होय का नापास?"

"नापास."

ती सूप हातात घेऊन अंगणात मटकन बसली आणि हसली. हसताना तिचा आवाज बंद व्हायचा. नुसते खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि शेवटी एकदम लहान पोरीसारखी उचकी. "गावाले पानी वाटते," ती म्हणाली, "आन पोरीनं सातावर बसवला."

नीतूचं पाचवीचं हिंदीचं पुस्तक त्याच्या आदल्या दिवाळीपासून फळीवर पडलं होतं. दुधराम ते घेऊन पारीवर बसायला लागला. डट्टा काढल्यावर पाणी बांधीला पोचेपर्यंत वेळ असतो. तो वेळ आधी तंबाखूत जायचा, आता धड्यांत. पुढच्या पत्राला अकरा मिळाले, मग तेरा. सुशीलाबाई आकडा विचारायची आणि बोटांवर मोजून सांगायची, अजून इतके कमी.

यात तो बुडत कसा गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. आपली बोली बोलताना माणूस अर्धा तिथं असतो आणि अर्धा इकडेतिकडे. तोंड बोलतं, हात विडी वळतो, कान पाण्याकडे असतो. शब्द बोलावल्याशिवाय येतात, संध्याकाळी गुरं घरी येतात तसे. हिंदीचं तसं नव्हतं. अनोळखी तलावात उतरलेला माणूस पायाच्या अंगठ्यानं तळ चाचपत जातो. पुढचं पाऊल पडतंय की नाही एवढंच त्याला माहीत असतं, त्याचा सगळा जीव त्या अंगठ्यात गोळा होतो. दुधराम तसा लिहायचा. पडवीत लाकडी पेटी पुढ्यात ओढायची, कागदाखाली पुस्तक घ्यायचं आणि एक शब्द धरायचा. तो धरला की दुसरा. मध्येच ओठ हलायचे. चहा पुढ्यात थंड व्हायचा, त्यात मुंगळे पडायचे. उठायचा तेव्हा मांड्या बधिर झालेल्या असायच्या आणि आपण आपल्याच घरात आहोत हे ओळखायला त्याला पळभर लागायचं. अर्ध्या तासात आठ-नऊ ओळी, हा त्याचा वेग. त्याच्याहून जास्त कधी झाला नाही.

"बसले का जी सवतीजवर?" सुशीलाबाई म्हणायची. हिंदीला तिनं ते नाव दिलं होतं. शेजारणी आल्या की सांगायची, "हरू बोला वो, नवरा माजा सवतीच्या घरी आहे. तीन आवाज देल्याबिगर बाहेर निंघत नाही."

आणि ते खरंच होतं. पहिल्या दोन हाकांना तो "हो" म्हणायचा. ते 'हो' तोंडातून आपोआप निघायचं, शेपटीनं माशी उडवावी तसं. तिसऱ्या हाकेला तो उठायचा. घरातलं हे गणित सुशीलाबाईला पाठ होतं.

त्या परक्या भाषेत त्याला जे सापडलं होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नसतं. आपल्या बोलीत तो जन्मभर पाणी, बैल, धान आणि शिव्या एवढंच बोलला होता. लेक सासरी गेली तेव्हा सगळं गाव रडत होतं आणि तो गाडीचं सामान बांधत होता. कुणाला 'आठवण येते' असं म्हणायचं झालं तर आपल्या बोलीत त्याची जीभ जड व्हायची. लाज वाटायची, जणू भर पंगतीत धोतर सुटलं. हिंदीत त्यानं लिहिलं, 'तुम्हारी याद आती है', आणि काही झालं नाही. कौलं जागच्या जागी राहिली. मग त्यानं आणखी लिहिलं. त्याची आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि पाण्याची पाळी होती म्हणून तलावावर होता, हे लिहिलं. पुष्पांजलीच्या पाठीवर एक मुलगा झाला होता आणि आठ दिवसांत गेला, हे लिहिलं. नीतूनं त्या पत्रावर लाल रेघ एकही मारली नाही. खाली फक्त 'बीस में से सोलह, अक्षर सुधारिए' असं होतं.

लिहून झालं की तो सुशीलाबाईला वाचून दाखवायचा. तिला निम्मं समजायचं. एकदा तो वाचता वाचता म्हणाला, "तुम्हारी नानी सुशीला..." आणि पुढे वाचत गेला.

"थांबा जी."

"काय?"

"मांगून वाचा."

त्यानं मागून वाचलं. अडतीस वर्षांत त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. 'आयक', 'पुष्पाची माय', नाहीतर नुसतं खाकरणं. ती दोरीवरचं लुगडं काढत होती ती काढतच राहिली, तोंड पलीकडे करून.

"अजून एक खेप वाचा," ती म्हणाली.

मागच्या भाद्रपदात, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दुपारची वेळ, ऊन तापलेलं. नीतूनं पत्रात विचारलं होतं, नानी कैसी हँसती है, मैं भूल गई. दुधराम पेटी ओढून बसला. त्याला ते बरोबर लिहायचं होतं. खांदे, आवाज नसणं, मग उचकी. उचकीला हिंदीत काय म्हणतात ते पुस्तकात होतं, पण खांदे हलतात ते नुसतं 'हिलते हैं' लिहून त्याचं समाधान होईना.

सुशीलाबाई बैलाला टाकायला तणस आणायला मागे गेली होती. तणशीच्या ढिगात तिनं हात घातला.

"आयकलं का जी. मले काहीतरी चावला."

"हो," दुधराम म्हणाला. "आलो."

हे त्याला नंतर आठवलं, आणि असं आठवलं की तेवढी जागा कागदावर बोटानं दाखवता यावी. 'कंधे' या शब्दावर त्याचा पेन होता तेव्हा त्याचं तोंड 'हो, आलो' म्हणालं. त्याच्या पुढे कागदावर नऊ ओळी आहेत.

त्या नऊ ओळींत सुशीलाबाई गोठ्याच्या उंबऱ्याला बसून होती. पदर फाडून तिनं मनगटाच्या वर बांधला होता. तिनं दुसरी हाक मारली, तीही त्याला आठवते. तिलाही तो 'हो' म्हणाला. तो 'आलो' म्हणाला होता म्हणून ती वाट पाहत बसली. तिसरी हाक आली नाही. तिसरी हाक आली नाही याचंच त्याला काहीतरी वाटलं आणि त्यानं मान वर केली.

तो सडकेवर धावला तेव्हा शालिकराम तलावाकडून मोटरसायकलवर येत होता. दोघांच्या मध्ये सुशीलाबाईला बसवून त्यांनी दवाखाना गाठला. तोवर तिची पापणी उचलत नव्हती आणि जीभ जड झाली होती. सापाच्या विषावरच्या सुया दिल्या. नळी लावली. डॉक्टर तरुण होता. घाम पुसत म्हणाला, अर्धा तास आधी आणलं असतं तर. त्यानं ते वाईटपणानं म्हटलं नाही, सहज म्हटलं. मग पुढे मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. गाडीत, देवरी यायच्या आधीच संपलं.

घरी माणसं जमली तेव्हा कुणीतरी विचारलं, "तू कठी होतास गा?"

"पारीवर," दुधराम म्हणाला.

एवढाच शब्द. तो नेहमी पारीवरच असायचा, तेव्हा कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. लेकीलाही तेच कळलं. बाबा तलावावर होते, आई घरात एकटी होती. तिनं त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाली, तुमचा काय कसूर बाबा. पेटीवरचा कागद त्यानं लोक यायच्या आत पेटीत टाकला होता, आणि त्यानंतर त्यानं पेन उचलला नाही. नीतूची पत्रं येत राहिली. तो वाचायचा आणि पेटीत ठेवायचा.

आज त्यानं आंघोळ केली, भात खाल्ला आणि सातवं पत्र फोडलं.

नीतू आठवीत गेली होती. अक्षर गोल आणि दाट झालं होतं. तिनं लिहिलं होतं, की नाना, तुम्ही लिहीत नाही कारण तुम्हाला वाटतं की तुमची चूक आहे. मम्मीनं मला सगळं सांगितलं. तुम्ही तलावावर होता, गावाचं काम करत होता. त्यात तुमची काय चूक. मी सगळ्या मुलींना सांगते की माझे नाना सगळ्या गावाला पाणी देतात. आणि शेवटी, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात: 'आप बस लिख दीजिए नाना. इस बार नंबर नहीं काटूँगी.'

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. आंधळी माया सोसायला त्याच्याकडे जागा नव्हती. त्या भाषेत त्यानं आजवर एकही खोटं लिहिलं नव्हतं. गावाशी तो पाण्याच्या पाळीवरून खोटं बोलला होता, बायकोशी तंबाखूवरून बोलला होता, सरकारी साहेबाशी तर उठता-बसता. पण नीतूला धाडलेल्या कागदावर जे होतं ते होतं. आता उत्तर द्यायचं तर एक तर ते खोटं त्या भाषेत न्यायचं, नाहीतर खरं लिहायचं.

त्यानं पेटी ओढली. झाकण उघडताना वरचा अर्धा कागद त्याला दिसला. तो त्यानं पालथा केला. कोरा कागद घेतला, त्याखाली पाचवीचं पुस्तक.

'नीतू बेटा,' त्यानं लिहिलं. 'मैं तालाब पर नहीं था.'

तो पुढे सरकला. शब्द गंजले होते; एकेक घासून काढावा लागत होता. गोठा, तणस, उंबरा. पदराला काय म्हणायचं ते त्याला आठवेना, म्हणून डोळे मिटून पाचवीच्या पुस्तकातली पानं त्यानं एकामागून एक उलटली, चित्रातल्या बाईपर्यंत पोचला, आणि शब्द सापडला. सापडला तेव्हा त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं त्याच्या ध्यानातही आलं नाही. पाय बधिर झाले. ऊन पडवीच्या कडेवरून आत आलं, पेटीच्या पायापर्यंत आलं. तो लिहीत राहिला. नानीनं आवाज दिला. मी हो म्हणालो. मी घरात होतो. मी बसून

'तुमको चिट्ठी लिख रहा था.'

पेन तिथं थांबला.

त्यानं ती ओळ पाहिली. मग ती ओळ तेरा वर्षांची पोरगी वाचते आहे असं त्यानं पाहिलं, राहायच्या शाळेत, खाटेवर बसून, लाल पेन हातात. नानी कैसी हँसती है हे विचारलं होतं ते तिनं. तेवढं तिला नक्कीच आठवेल. तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात ते तिला आठवत राहील.

दारावर लाथ बसली तेव्हा त्याची मान वर झाली.

"मेलास का जिता आहेस बे?" शालिकराम पडवीत शिरला, घामानं निथळत. "चार वाजून गेले. धुऱ्यावर बारा मानसं बसून आहेत. धान पोटरीत, आन तू अठी... किती आवाज देऊन राहिलो मी. गल्ली गोळा झाली, तुले आयकू नाही येत?"

दुधरामनं उन्हाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पाणी सोडायचं तो पहिल्यांदा विसरला होता.

"आवाज देलास?"

"पाच खेप."

"मी हो म्हनलो का?"

शालिकरामचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. "म्हनलास," तो म्हणाला. "दोन खेप."

दुधरामनं पेन पेटीवर ठेवला. तो लोळत काठाला गेला, शालिकरामनं हातानं अडवला.

"शालिक," दुधराम म्हणाला, आणि आपल्या बोलीत ते वाक्य त्याला चाचपावं लागलं नाही. ते वर्षभर दातांच्या मागेच होतं. "त्या दिवशी मी पारीवर नोहतो. अठीच बसलो होतो. असाच. तिनं मले आवाज देलन, मी हो म्हनलो, आन लिहीत राहिलो."

शालिकराम खाली बसला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, मान पुसली. बाहेर कोंबडी पिलांना घेऊन खुरडत होती.

"माहीत आहे मले," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पारीवर मी होतो ना गा त्या दिवशी. सकारपासून. तुजीच वाट पाहून राहिलो होतो, पाळी विचाराची होती. तू आलास कठी."

दुधरामनं त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर हा माणूस रोज भेटला होता. तंबाखू मागितली होती, टोमणे मारले होते, तेराव्याला भात वाढला होता.

"मंग बोललास काऊन नाही?"

"काय बोलू? बोलून ते उठून बसली असती का?"

मग दुधरामनं कागद उचलून त्याच्यापुढे धरला. "हे लिहिलो पोरीले. खरं लिहिलो. पन तिनंच विचारलं होतन, नानी कशी हासते म्हून. तेच लिहून राहिलो होतो. हे वाचून ते काय करल?"

"मले कायले दाखवतेस. मले सहीपुरतं येते." शालिकरामनं कागदाकडे पाहिलंही नाही. "हा धोंडा तुजा आहे, तू वाहा. लेकराच्या डोक्यावर देऊ नको. तू जिता आहेस तवरी तुले वाहाचाच आहे."

"मंग काय लिहू?"

"नको लिहू."

"ते वाट पाहते."

"पाहू दे," शालिकराम म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आपन सारेच पाहून राहिलो. उठ आता. धान वाळून राहिला."

दुधरामनं कागदाची घडी घातली. पेटी उघडली. अर्धा कागद पालथा पडला होता तो त्यानं सरळ केला, 'कंधे' या शब्दावर अंगठा ठेवला, काढला. नवा कागद त्याच्यावर ठेवला, नीतूचं सातवं पत्र त्याच्यावर, आणि झाकण लावलं. पाचवीचं पुस्तक फळीवर ठेवायला गेला, पण हात मध्येच थांबला; लिहून झालं की ते फळीवर ठेवायची सुशीलाबाई. त्यानं ते पेटीवरच सोडलं.

पारीवर बारा माणसं होती. शालिकराम पुढे होता आणि त्यानं सगळ्यांकडे असं पाहिलं की बोलणाऱ्याला परत घरी जावं लागलं असतं. दुधरामनं बंडी काढून दगडावर ठेवली आणि पाण्यात उतरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. तुडमाच्या दगडाला हात लावला, खालचा डट्टा चाचपला. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेलं लाकूड, शेवाळानं मऊ झालेलं. त्यानं तो हलवला. पारीच्या पलीकडे, आधी गुरगुर आणि मग पाण्याची पहिली उडी, त्याला ऐकू आली.

"दुधराम गा," वरून शालिकरामनं आवाज दिला. "अर्धा का पुरा?"

दुधरामनं डट्टा सोडला. छातीएवढ्या पाण्यातून तो काठाकडे निघाला, चिखलातून पाय ओढत, पारीचे दगड चढत. धोतरातून पाणी गळत होतं. तो शालिकरामच्या समोर येऊन उभा राहिला. शालिकरामनं या खेपेला टोमणा मारला नाही. तो त्याच्या येण्याची वाट पाहत उभा होता.

"अर्धा," दुधराम म्हणाला.

आणि वळून परत पाण्यात उतरला. उजेड आहे तोवर चार बांध्यांना पाणी पोचवायचं होतं.